पडद्यावरचं झाड

निळ्या टोपीवाला दुकानात शिरला तेव्हा जुसारा उलटी पावलं कापत बसली होती.

पावलं म्हणजे स्टिकर. टाच पुढे, बोटं मागे. बेलेम शहरातल्या त्या छापखान्यात ती दिवसभर लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं आणि चर्चचे फलक छापायची आणि मालक जेवायला गेला की स्वतःचं काम बाहेर काढायची. तिचं काम म्हणजे कुरुपिरा. जंगलात उलट्या पायांनी फिरून शिकाऱ्यांना चकवणारा एक पोरगा असतो, त्याच्या नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. विकतची ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी हौशी लोकांनी मिळून बांधलेली. कोणीही फुकट न्यावी, कोणीही उघडून बघावी अशी. आतली यंत्रणा इतरांची. पण संगणक चालू केल्यावर डोळ्यांना जे दिसतं, ते पाऊल, ते रंग, मागचा तो वॉलपेपर, सगळं जुसाराचं. त्यात कोणी नाक खुपसलेलं तिला खपायचं नाही.

"काय छापायचंय?" तिने मान वर न करता विचारलं.

"तुझा भाऊ पाहिजे."

"माणसं नाही छापत आम्ही. पुढच्या गल्लीत विचारा."

टोपीवाला हसला. दातात काडी होती, ती त्याने जिभेने इकडची तिकडे केली. मग तिचा अंबाडा धरला आणि टेबलावरून अशी ओढली की कात्री, कागद, पावलं सगळं भुईवर. दाराशी दुसरा उभाच होता. दोघांनी तिला पालथी पाडली, उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि दुसऱ्याने शटर धरलं.

"ओझियेल कुठाय?"

"मला माहीत नाही."

शटर धाडकन खाली आलं.

रस्त्यावर ताकाकाचं गरम सार विकणारी म्हातारी होती, बसथांब्यावर माणसं होती. किंकाळी सगळ्यांनी ऐकली. म्हातारीने पातेल्यावरचं फडकं सारखं केलं. थांब्यावरच्यांनी बस कुठल्या दिशेने येते तिकडे माना वळवल्या. अशा वेळी बघायचं नसतं, हे इथलं पोर चालायला लागतं तेव्हापासून शिकतं.

"आता आठवलं?"

"आईची शपथ, माहीत नाही रे मुडद्या!"

शटर वर गेलं, पुन्हा आलं. बोटं मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

आणि अहो, खरंच माहीत नव्हतं तिला. तिकडे दक्षिणेत आरिस्तेउ नावाच्या गुरांच्या मालकाने कास्तान्येराचं जंगल जाळून कुरण केलं. त्या झाडांखाली पडलेल्या कास्तान्या, म्हणजे खायच्या बिया, वेचून पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी माणसं कोर्टात गेली, म्हणून आरिस्तेउच्या माणसांनी त्यांच्या पुढाऱ्याला, फिलोला, जेवता जेवता गोळ्या घातल्या. ताटातल्या भातावर पडला बिचारा. जुसाराचा थोरला भाऊ ओझियेल तेव्हा पाणी प्यायला उठला होता. रांजणाआडून त्याने सगळे चेहरे पाहिले, दारात उभ्या असलेल्या आरिस्तेउचाही. पुढच्या महिन्यात कोर्टात तो ते सांगणार होता. तोवर जिवंत राहायचं एवढंच त्याला काम होतं. कुठे लपलाय हे त्याने बहिणीला मुद्दाम सांगितलं नव्हतं. "तुला माहीत नसलं की तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही, पोरी," जाताना म्हणाला होता.

"तारखेला तो कोर्टात दिसला," टोपीवाला तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तर तुझा डावा हात. मग पाय. घाई नाही आम्हाला." भुईवरचं एक स्टिकर उचलून त्याने तिच्या गालावर चिकटवलं, नीट थोपटलं आणि गेला.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जुसाराच्या खणात त्या वेळी एक मेमरी कार्ड पडलेलं होतं. बाजारात कसाव्याचं पीठ विकणाऱ्या बाईने पिठाच्या डब्यात घालून आणून दिलेलं. कोणी दिलं, कुठून आलं, बाईलाही ठाऊक नव्हतं. होडीतून होडीत, हातातून हातात आलेलं. कार्डावर एकच फोटो होता. पहाट, धुकं, नदीचा काठ आणि काठावर एकटी सरळ उभी कास्तान्येरा, एवढी उंच की शेंडा धुक्याच्या वर उन्हात. आणि खाली डाव्या कोपऱ्यात निजायच्या झोळीच्या दोरीचं टोक, खांबाला गाठ मारलेलं. दोरी ताणलेली होती. म्हणजे दादाने झोळीत पडल्या पडल्या फोटो काढला होता. जुसाराने तो पाहिला तेव्हा ती झाडाकडे बघून नाही, त्या दोरीकडे बघून रडली. झोळीत वजन आहे, म्हणजे दादा आहे.

हाताला प्लास्टर घालून ती पहिल्या बैठकीला गेली ती हेच ठरवून, की कुरुपिराच्या नव्या आवृत्तीचा वॉलपेपर हाच होणार.

बैठक विद्यापीठातल्या एका खोलीत होती. बाहेर पत्र्यावर आंबे पडत होते, धाड धाड. दर आवाजाला जुसारा दचकत होती आणि दचकल्याबद्दल स्वतःवरच चिडत होती. या वेळची आवृत्ती साधी नव्हती. सरकारने नदीकाठच्या सगळ्या शाळांमध्ये कुरुपिरा घालायचं कबूल केलं होतं, आणि शिक्षण खात्याचा सल्लागार स्वतः आला होता: पास्टर जेस्से, कोट, टाय आणि गळाभर घाम.

"हे पाऊल," पास्टर म्हणाला, "हे सैतानाचं पाऊल. पोरं रोज सकाळी संगणक उघडणार आणि आधी याचं दर्शन घेणार?"

"सैतान नाही हो," वाल्देनोर म्हणाला. वाल्देनोर बँकेतून निवृत्त झालेला, दम्याचा, कुरुपिराच्या नियमांचा राखणदार. सगळ्या फाइली त्याच्या हातून आत जायच्या. "वनखात्याचा माणूस समजा. फक्त पगार नाही त्याला."

"थट्टा नको. मी चित्र आणलंय." पास्टरने पडद्यावर चित्र लावलं. नवा पूल, पुलावर झेंडा, आणि वर ढगांमध्ये गव्हर्नर साहेबांचा हसरा चेहरा.



"ढगात का ठेवलेत?" वाल्देनोरने हळूच विचारलं. "साहेब आहेत ना अजून?"

सगळे खो खो हसले. जुसाराने त्या हसण्यातच आपला फोटो लावला, आणि हसणं आपोआप थांबलं. झाड पडद्यावर उभं राहिलं. मागे बसलेल्या एका मुलीने नुसता "आ" केला.

"कोपऱ्यात ती दोरी कसली?" वाल्देनोर म्हणाला. "काप तेवढी. स्वच्छ दिसेल."

"दोरी राहील."

"अगं पण..."

"दोरी राहील म्हटलं ना!"

पास्टर मात्र झाडाकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. "कास्तान्येरा," तो म्हणाला. "या झाडाच्या नावाने तिकडे दंगे चाललेत. दुसऱ्याच्या जमिनीत घुसायचं, भांडणं उकरून काढायची, आणि गोळी लागली की हुतात्मा! तो फिलो का कोण, त्याने तर मरण हाताने ओढवून घेतलं. असल्या लोकांचं झाड शाळेत..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण जुसाराचा प्लास्टरचा हात त्याच्या नाकावर बसला. हात मोडलेला होता हे ती विसरलीच. कळ डोक्यात गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी तिने पुन्हा एक ठेवून दिली. पास्टर खुर्चीसकट मागे गेला. त्याचा ड्रायव्हर धावला, त्याने जुसाराला भिंतीवर आपटलं. वाल्देनोर मध्ये पडला तर त्याच्या बरगडीत खुर्चीचा पाय. कोणीतरी ड्रायव्हरच्या डोक्यात कीबोर्ड घातला आणि त्याच्या कळा खोलीभर उडाल्या. बाहेर आंबे पडतच होते.

शेवटी सगळे दमले. पास्टर नाकाला रुमाल लावून बसला. रुमाल लाल होत होता. वाल्देनोर बरगडी धरून खोकत होता.

"पोलिसात देतो तुला," पास्टर म्हणाला.

"द्या की," जुसारा म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. "काय सांगणार? एका हाताच्या बाईने झोडपलं?"

पास्टरने विचार केला. बराच केला. निवडणूक जवळ होती. मग म्हणाला, "पाऊल काढायचं. तेवढं काढलंत तर झाड ठेवा, तुमची दोरी ठेवा, पूल मी घरी नेतो."

खोलीतल्या सगळ्यांनी जुसाराकडे पाहिलं. ते पाऊल तिने काढलेलं, कॉलेजात असताना, ओझियेलने सांगितलेल्या गोष्टीवरून. लहानपणी दादा म्हणायचा, कुरुपिरा आपल्या बाजूचा आहे. शिकारी पायांचे ठसे बघत जातो आणि भलत्याच दिशेला पोचतो. कित्येक वर्षं ते पाऊल प्रत्येक पडद्यावर होतं, स्टिकरवर होतं, टीशर्टवर होतं. ते द्यायचं म्हणजे पोटचं द्यायचं.

पण तिला पडद्यावर दादा पाहिजे होता. आरिस्तेउच्या नातवंडांनी शाळेत संगणक उघडला तरी समोर दादाचं झाड दिसलं पाहिजे. तिच्या मोडलेल्या बोटांचं एवढं तरी उत्तर तिला द्यायचं होतं.

"काढलं पाऊल," ती म्हणाली. "टीशर्टवरही झाडच छापू."

राहिला नियम. कुरुपिरात कुठलंही चित्र आत जायचं तर तीन गोष्टी लागायच्या: काढणाऱ्याचं नाव, कोणीही वापरावं अशी परवानगी, आणि मूळ फाइल. हात न लावलेली, जशीच्या तशी, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवलेली. जेवायला बसलेल्या पाहुण्याला स्वयंपाकघरही उघडं असावं, असा या लोकांचा हट्ट. लपवाछपवी नाही. यावरून त्यांनी वर्षानुवर्षं भांडणं केलीत, मैत्र्या तोडल्यात. जुसारा त्यात सगळ्यांत कडवी. एकदा एका पोराने फुलाच्या चित्राची मूळ फाइल दिली नाही, तर तिने त्याला बैठकीतून रडवून घालवला होता.

"नाव काय लिहू?" वाल्देनोरने विचारलं.

"कुरुपिरा लिहा."

वाल्देनोरने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं असावं. "बरं," एवढंच म्हणाला. "उद्या दुपारी दार बंद होणार. नंतर चित्रं बदलता येणार नाहीत. त्याआधी टाक सगळं."

आता ऐका. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात फोन गुपचूप लिहून ठेवतो, कधी काढला आणि कुठे काढला, आणि ते इतकं नेमकं की आंधळाही काठी टेकत त्या खांबापाशी पोचेल. हे जुसाराला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तिने पहिल्याच दिवशी फोटोची नक्कल काढून तिच्या पोटातलं ते सगळं पुसून टाकलं, वाचलं सुद्धा नाही. दादाने सांगितलं नव्हतं, मग आपण चोरून का बघावं? पुसलेला फोटो तिने नीट रंगवला, वेगवेगळ्या मापांत कापला, मुख्य चित्र म्हणून आत टाकला. डाव्या हाताने. उजवा ठणकत होता, गोळ्यांनी डोकं जड झालेलं, वाल्देनोर फोनवर "झालं का गं, झालं का" करत होता. शेवटची जागा रिकामी राहिली होती: मूळ फाइल. तिचा हात वर्षानुवर्षं जे करत आला तेच त्याने केलं. कार्डावरची फाइल उचलली आणि तिथे ठेवली. जशीच्या तशी.

इथेच माती खाल्ली. दुसऱ्या कुठल्याही बाईने खाल्ली नसती, कारण दुसऱ्या कुणाला मूळ फाइल द्यायची सवयच नसते.

प्रकाशनाला मैदानात मांडव पडला. गर्दी लोटली. पोरं जुने संगणक खांद्यावर घेऊन आली, त्यांत कुरुपिरा घालून द्यायला माणसांची रांग बसली. चालू झालेल्या प्रत्येक पडद्यावर झाड. जुसारा प्लास्टरच्या हाताने टीशर्ट वाटत होती, घेईल त्याला, फुकट. ती त्या दिवशी हसत होती, किती दिवसांनी.

"मोठं माप आहे का, ताई?" एका कोवळ्या मिशीच्या पोराने विचारलं. "दोन द्या ना. भावाला पण."

"घे की. भाऊ का नाही आला?"

"तो बाहेर गाडीपाशी थांबलाय," पोरगा लाजून म्हणाला आणि दोन टीशर्ट घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी दुकानात कुरुपिराच्या टपालपेटीतले निरोप ती वाचत होती. ही टपालपेटी उघडी. जगात कोणीही वाचावी, तिच्यावर नजर ठेवून असलेल्यांनीही. कौतुकाचे निरोप, तक्रारी, आवाज येत नाही, प्रिंटर चालत नाही. आणि आदल्या दिवशी सकाळी आलेला एक लांबलचक निरोप, नदीकाठच्या एका गावातल्या लिन्दिनाल्वा नावाच्या शिक्षिकेचा.

"कुरुपिराच्या सगळ्या मंडळींना मिठी! आमच्या शाळेत तुमचं झाड आलं आणि पोरं वेडी झाली. मी म्हटलं, बघू तरी हे कुठलं. तुमची मूळ फाइल उतरवली, तर आत ठिकाण लिहिलेलं! आणि बघते तर काय, आमच्याच नदीवर, माझ्या सासरच्या घरापासून दोन वळणं पुढे! इतकी वर्षं त्यावरून जाते, कधी वर बघितलं नव्हतं. सगळ्यांना बघायला जाता यावं म्हणून नकाशा खूण करून जोडलाय. तुमच्या उघड्या कारभाराचा हाच तर फायदा!"

खाली नकाशा. नकाशावर लाल टिकली.

जुसारा खुर्चीतच वाकली. दादा कुठे आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिने निरोप पुसायचा प्रयत्न केला. पण या लोकांच्या पेटीतून निरोप पुसता येत नाही. तसा ठरावच झालेला, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांत ती पहिली होती. दादाच्या फोनला तिथे रेंज नव्हती. तिने वाल्देनोरला फोन लावला आणि नुसती ओरडत सुटली. म्हाताऱ्याला दोनच शब्द कळले, "मूळ फाइल". तो गाडी घेऊन दारात हजर झाला.

गाडीत ती लिन्दिनाल्वाला शिव्या घालत होती. "सटवी! कोणी सांगितलं होतं बघायला? कोण बघतं चित्रांच्या मूळ फाइली? आजवर एका माणसाने बघितली नाही, एका!" मग स्वतःला घालू लागली, आणि त्या जास्त वाईट होत्या. वाल्देनोर गाडी पळवत होता. फेरीबोटीवर गाडी चढेपर्यंत त्याचा दमा उसळला होता, तरी पंप ओढून पुन्हा चाकाला हात.

गावाच्या धक्क्यावर ऊन चढलं होतं. एक होडीवाला जाळं शिवत बसला होता.

"झाड बघायला?" तो उठत म्हणाला. "चला. सकाळी पण दोघं गेले तुमच्यातले."

"आमच्यातले म्हणजे?"

"कॉम्प्युटरवाले. हाच झाडाचा टीशर्ट होता की अंगात. स्वतःची होडी घेऊन आले होते. मीच वाट सांगितली. काय झालं, ताई? ताई?"

जुसारा होडीत उडी मारून बसली होती. "चालव," ती म्हणाली. "चालव रे बाबा, तुझ्या लेकरांची शपथ तुला, चालव!"

पहिल्या वळणाला मोटरच्या आवाजातूनही गोळ्या ऐकू आल्या. आधी एक. मग थोडं थांबून खूप. दुसऱ्या वळणाला समोरून एक होडी सुसाट आली, बाजूने गेली आणि लाटेने त्यांना हेलकावून गेली. चालवणारा एकटाच होता. अंगात झाडाचा टीशर्ट, गळ्यापासून पोटापर्यंत रक्ताने माखलेला, डोक्यावर निळी टोपी. त्याने जुसाराकडे पाहिलं, ओळखलं, आणि टोपीला दोन बोटं लावली.

घर खांबांवर होतं, पाण्याला लागून. पायऱ्यांच्या तळाशी कोवळ्या मिशीचा तो पोरगा पडलेला, मान अर्धी तुटलेली, टीशर्टवरचं झाड लाल झालेलं. मोठं माप. तिने स्वतः दिलेलं. वर पडवीत तीन पेले होते, कॉफीचे. दोन रिकामे, एक अर्धा. दादाने त्यांना कॉफी पाजली होती. बहिणीच्या टीशर्टातली माणसं, बहिणीने धाडलेली, असंच त्याला वाटलं असणार. किती वेळाने त्याला चेहरा ओळखू आला कोण जाणे. ओळखला तेव्हा कोयता हातात घेण्याइतका वेळ मिळाला, आणि त्याने एकाला पायऱ्यांपर्यंत तोडत नेला.

ओझियेल झोळीखाली पालथा होता. पाठीची चाळण झाली होती. जुसाराने त्याला उताणा केला, छातीवरच्या भोकावर तळवा दाबला, दुसऱ्यावर प्लास्टर दाबलं. मग तिसरं दिसलं, चौथं दिसलं, आणि हात पुरेनात. "दादा, दाबून धरलंय बघ, दादा, बोल की रे, एक शिवी तरी दे!" अंग गरम होतं. प्लास्टर हळूहळू कोपरापर्यंत लाल झालं. वाल्देनोर आणि होडीवाला मिळून तिला सोडवायला लागले तेव्हा तिने वाल्देनोरच्या हाताला कडकडून चावा घेतला. म्हाताऱ्याने हात सोडवला नाही. तसाच तिच्या तोंडात राहू दिला.

गावातल्या पोलीस चौकीचा संगणक बंद होता, म्हणून जबाब शाळेत घ्यायचं ठरलं. संगणकाच्या खोलीची किल्ली लिन्दिनाल्वाकडे होती. ती धावत आली आणि तिने कुलूप उघडलं. कोण मेलं, का मेलं, हे गावात तोवर पसरलं होतं. दार उघडून ती बाजूला झाली आणि जुसारासमोर मटकन गुडघ्यांवर बसली.

"ताई, मला काय माहीत होतं? मी पोरांसाठी... ताई, मला मारा. मारा मला!"

रस्ताभर जुसाराने हिला कसं मारायचं हेच ठरवलं होतं. गळा दाबून, केस धरून, पाण्यात बुडवून. आता समोर बसलेली बाई तिच्याच वयाची होती, बोटांना खडू लागलेला. जुसाराने रक्ताने कडक झालेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "उठ," ती म्हणाली. "तू वाचलंस फक्त. वाचायला मीच ठेवलं होतं."

पोलिसाने वीज चालू केली. खोलीतले सगळे संगणक एकेक करून जागे झाले. भिंतीला लागून दोन्ही बाजूंनी, एकेका पडद्यावर पहाट झाली, धुकं आलं, आणि झाड उभं राहिलं.

"वा," पोलीस म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने खाकरून जबाबाची खिडकी उघडली. एका पडद्यावरचं झाड झाकलं गेलं. तो दोन बोटांनी टाइप करत होता.

"मयताचा पत्ता कुणाकुणाला माहीत होता?"

"कुणालाच नाही."

"तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्हाला कधी कळला, बाई?"

"सगळ्यांबरोबर."

पोलिसाने मान वर केली. "आणि सगळ्यांना कुणी सांगितला?"

"मी."

 पोलिसाने दारात उभ्या वाल्देनोरकडे पाहिलं. वाल्देनोर हाताला रुमाल गुंडाळून खाली बघत होता.

"लिहा," जुसारा म्हणाली. "मी सांगितला. असंच लिहा."

तो लिहू लागला. ती उठून शेजारच्या संगणकापाशी गेली आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या. प्रत्येक पडद्यावर झोळीची दोरी ताणलेली होती. आत दादा पडलेला होता, झाडाकडे बघत.